तीन निविदा, सगळं नियमात, तरी दरवेळी तोच ठेकेदार. हे कसं ओळखायचं?

शाई_आणि_शिक्का:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण पूर्ण वाचून मगच उत्तर द्या ही विनंती. मी एका लहान शहराच्या पालिकेत चार महिन्यांपूर्वी निविदांच्या टेबलावर आले. त्याआधी जन्म-मृत्यू नोंदीला होते, त्यामुळे टेंडर, बयाणा, वर्क ऑर्डर यातलं मला ओ की ठो माहीत नव्हतं, आणि शिकवणारं पण कोणी नाही कारण या कामाला मी एकटीच, वर एक इंजिनियर आणि एक लेखापाल, बस.

जुन्या फाईली लावता लावता एक गोष्ट लक्षात आली की पाइपलाइनची आणि गटारांची कामं गेली काही वर्षं जवळपास एकाच ठेकेदाराला जातायत. तरी प्रत्येक फाईल बघितली तर एकदम चोख. जाहिरात आहे, तीन निविदा आहेत, लिफाफे सगळ्यांसमोर उघडल्याच्या सह्या आहेत, तुलनात्मक तक्ता आहे, सगळ्यात कमी दरवाल्याला काम. ऑडिटमध्ये पण कधी शेरा नाही.

मग मी एका फाईलमधले तिघांचे दर सहज म्हणून एक्सेलमध्ये टाकले, ४३ आयटम होते. दुसऱ्याच्या दराला पहिल्याच्या दराने भागलं तर ४३ च्या ४३ ठिकाणी १.०४ आलं. तिसऱ्याला भागलं तर सगळीकडे १.०७. आणि एका आयटमला पहिल्याने बहुतेक ३८० च्या जागी चुकून ३८ लिहिलंय, शून्य राहिलंय, कारण त्या कामाला ३८ दर असूच शकत नाही. तर तिथे दुसऱ्याचा दर ३९.५२ आणि तिसऱ्याचा ४०.६६! म्हणजे चूक पण तिघांनी एकत्रच केली. ते बघून मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

आता प्रश्न असा की हे मी समजते तेच आहे का, की यात काही सरळ कारण असू शकतं? आणि नियम सगळे पाळूनही असं होत असेल तर नेमकं बिघडतं कुठे? कोणावर आरोप करायचा नाहीये, शिकायचंय. माझ्या सहीने पुढच्या फाईली जाणार आहेत म्हणून विचारतेय.

*

निवृत्त_अभियंता:

ताई, पहिल्यांदा एक गोष्ट तपासा, मग पुढचं बोलू. हे टेंडर आयटम रेटचं, म्हणजे प्रत्येक आयटमचा दर ठेकेदाराने स्वतः भरायचं, होतं की टक्केवारीचं? टक्केवारीच्या टेंडरमध्ये दर पालिकाच छापून देते आणि ठेकेदार फक्त इतके टक्के अबव्ह किंवा इतके टक्के बिलो एवढंच लिहितो, मग प्रत्येक आयटमला तेच गुणोत्तर येणारच, त्यात काही काळंबेरं नाही. पण तुमचा ३८ वाला आयटम बघता ही शक्यता मला कमी वाटते. छापील दरातच चूक असती तर ती तुमच्या अंदाजपत्रकातही दिसली असती. अंदाजपत्रक काढून बघा, तिथे ३८० असेल तर प्रत्येकाने दर स्वतः भरलाय आणि मग हे सरळ सरळ एका माणसाने बसून तीन निविदा भरल्यासारखं आहे. आमच्यात याला सपोर्टिंग भरणं म्हणतात.

मी ३१ वर्षं नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात काढली, त्यातून सांगतो, की टेंडर उघडायच्या दिवशी फारसं काही ठरत नसतं. सगळ्यांची नजर त्या दिवसावर असते, कॅमेरा लावतात, सह्या घेतात, आणि खरा खेळ त्याच्या आधी अटी आणि अंदाजपत्रक लिहिताना झालेला असतो, किंवा नंतर मोजमाप घेताना होतो. मधला दिवस स्वच्छच असतो, म्हणून तर तुमचं ऑडिट स्वच्छ आहे.

आधीचं उदाहरण देतो. पाइपलाइनसाठी चर खणायचाय. अंदाजपत्रकात लिहिलंय माती ९०० घनमीटर आणि खडक १०० घनमीटर. पहिला ठेकेदार सरळ माणूस, मातीला २ आणि खडकाला ५ दर भरतो, बेरीज २३००. दुसरा मातीला १ आणि खडकाला १२ भरतो, बेरीज २१००. दुसरा कमी, काम त्याला. आता प्रत्यक्षात खणायला गेलं की निघते माती ४०० आणि खडक ६००. पहिल्याला काम दिलं असतं तर ३८०० झाले असते. दुसऱ्याचं बिल होतं ७६००, बरोब्बर दुप्पट. आणि फाईल म्हणते की कमी दरवाल्यालाच काम दिलं! दुसऱ्याला कसं कळलं की खडक जास्त आहे? कधी त्याने मागच्या वर्षी बाजूच्याच गल्लीत खणलेलं असतं, म्हणजे त्याची अक्कल म्हणा. आणि कधी अंदाजपत्रक करणाऱ्यानेच सांगितलेलं असतं. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं.

यावर उपाय साधा आहे पण कोणी करत नाही. अंदाजपत्रकाआधी दर ५०-६० मीटरवर चाचणी खड्डा घ्या आणि त्यात काय लागलं ते टेंडरच्या कागदात सगळ्यांना द्या. मग एकट्याला माहीत असलेली गोष्ट उरतच नाही. शिवाय करारात कलम टाका की प्रमाण ठरावीक टक्क्यांपेक्षा वाढलं तर वाढीव भागाला दर नव्याने ठरेल. फिडिक ही इंजिनियरांची आंतरराष्ट्रीय संघटना बांधकामाचे नमुना करार काढते, तिच्या १९९९ च्या लाल पुस्तकात १० टक्क्यांवर प्रमाण बदललं तर, आणखी काही अटी धरून, नवा दर काढायची सोय आहे, ती बघून तुमच्या आकाराला झेपेल असं कलम लिहिता येतं.

*

छोटा_ठेकेदार:

मी दुसऱ्या बाजूने लिहितो कारण या धाग्यावर सगळे ऑफिसातले दिसतायत. माझी लहान फर्म आहे, मी, भाऊ, दोन सुपरवायझर आणि भाड्याची मशीन. लोक विचारतात तीनच निविदा का येतात, तुम्ही का भरत नाही. सांगतो का भरत नाही.

जाहिरात निघते आणि मुदत ७ दिवस. सात दिवसांत साइट बघायची, पाइपवाल्याकडून रेट घ्यायचे, बँकेची कागदपत्रं, बयाणा रक्कम भरायची, होतच नाही, ज्याला आधीपासून माहीत आहे त्याचंच होतं. मग अट असते की गेल्या तीन वर्षांची उलाढाल कामाच्या पाचपट पाहिजे, किंवा अगदी याच व्यासाची पाइपलाइन, याच लांबीची, एखाद्या पालिकेसाठीच केलेली पाहिजे. अरे मी त्याहून मोठी लाइन कारखान्यासाठी टाकलीय, पाणी तेच आणि पाइप तोच, तरी बाद! काम नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून काम नाही, हे चक्र कधी संपायचं.

आणि समजा मिळालं तर बिल. एका पालिकेचं काम मी वेळेत दिलं, मोजमाप झालं, सगळं झालं, आणि शेवटच्या बिलाला ११ महिने लागले. मजुराला मी ११ महिने थांब म्हणू शकत नाही. वरून बयाणा अडकलेला, अनामत अडकलेली. त्यानंतर मी पालिकेचं टेंडर भरलंच तर उशिराचं व्याज दरात आधीच धरतो. म्हणजे पैसे तुम्ही उशिरा देता आणि ते परत तुमच्याच खिशातून जातात, फक्त दिसत नाही. ज्याची ऑफिसात ओळख आहे त्याचं बिल महिन्यात निघतं, म्हणून तो कमी दर भरू शकतो आणि वर तो प्रामाणिकपणे कमीच असतो. ताई तुम्ही त्या ठेकेदाराची बिलं किती दिवसांत निघाली आणि बाकीच्यांची किती दिवसांत ते पण एक्सेलमध्ये टाका. मला वाटतं तिथे जास्त सापडेल.

*

आकडेमोड:

छोटा ठेकेदार यांना माझा पूर्ण पाठिंबा. मी सार्वजनिक खरेदीच्या लेखापरीक्षणात काम करतो, आणि हे दुखणं सगळीकडचं आहे, एका गावाचं नाही. युरोपियन युनियनच्या लेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये अहवाल दिला, त्यात ज्या निविदेला एकच बोली आली त्यांचं प्रमाण २०११ मध्ये २३.५ टक्के होतं ते २०२१ मध्ये ४१.८ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. इतके नियम, इतकी पोर्टलं असूनही. म्हणजे नुसता नियम पाळला की स्पर्धा येते असं नाही.

त्यांच्या २०१४ च्या नियमात दोन गोष्टी मात्र चांगल्या आहेत, लहान पालिकांनी उचलाव्यात अशा. उलाढालीची अट कामाच्या रकमेच्या दुपटीपेक्षा जास्त ठेवता येत नाही, काही खास धोका असेल तर कारण लिहून द्यावं लागतं. आणि मोठं काम भागांत विभागलं नाही तर का नाही विभागलं तेही लिहावं लागतं, म्हणजे लहान ठेकेदाराला निदान एक भाग तरी भरता येतो. पैसे द्यायचं म्हणाल तर २०११ च्या त्यांच्या निर्देशात सरकारी संस्थांना साधारण ३० दिवस, फार तर ६०, अशी मर्यादा आहे आणि उशीर झाला की व्याज.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे. ठरावीक गुणोत्तर ही संगनमताची अगदी ओळखीची खूण आहे. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने २००९ मध्ये निविदांमधलं संगनमत ओळखायची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अशा खुणा दिल्यात. सारख्याच चुका, सारखंच अक्षर किंवा टाइप, एकाच पत्त्यावरून आलेली पत्रं, हरणारे दर ठरावीक अंतराने वर, हरलेला माणूस नंतर जिंकलेल्याचा पोटठेकेदार. शेवटची खूण नक्की तपासा, कारण हरलेल्याला काहीतरी मिळाल्याशिवाय तो हरायला तयार होत नाही. मोबदला बहुतेक वेळा पोटकामात, किंवा पुढचं टेंडर तुझं अशा पाळीत दिलेला असतो. पाच-सहा वर्षांचा तक्ता मांडला तर पाळी डोळ्यांनी दिसते.

जपानमध्ये या प्रकाराला शब्दच आहे, दांगो, आणि त्यात अधिकारीच सामील असतील तर त्याला वेगळं नाव. त्याविरुद्ध तिथे २००२ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. कॅनडात क्युबेक प्रांतात बांधकाम कंत्राटांच्या चौकशीसाठी २०११ मध्ये शार्बोनो आयोग बसला, २०१५ मध्ये अहवाल आला, मधेच २०१२ मध्ये मॉन्ट्रियलच्या महापौरांना पद सोडावं लागलं. तिथे फुटपाथ आणि गटारांसारखी साधी कामं ठेकेदारांनी आपापसात वाटून घेतलेली होती. साधीच कामं का, तर ज्या कामात सगळ्यांचा माल सारखा, तंत्र सारखं, ठेकेदार मोजके आणि दरवर्षी काम ठरलेलं, तिथे वाटणी करणं सगळ्यात सोपं. लहान शहर म्हणजे नेमकं हेच की.

*

नगरसेवक_माजी:

मी एक टर्म सभागृहात होतो. माझं मत जरा वेगळं आहे, सगळ्यात कमी दर या नियमानेच आमची वाट लावली. एक ठेकेदार ३४ टक्के बिलो गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पालिकेचे पैसे वाचले म्हणून, आणि पुढच्या पावसात रस्ता वाहून गेला. कमी दर घेऊन तो काम करणार कुठून, तो थर कमी टाकणार हे उघड आहे. दर्जाला गुण द्या, मागच्या कामाला गुण द्या, आणि मग ठरवा.

*

निवृत्त_अभियंता:

साहेब, तुमचं दुखणं खरं आहे पण औषध मला पटत नाही. दर्जाला गुण म्हणजे कोणीतरी गुण देणार, आणि लहान शहरात गुण देणारा, घेणारा आणि तक्रार करणारा तिघे एकाच लग्नाला जातात. इथे मोजता येण्यासारखी गोष्ट हवी. डिझाइन करून घ्यायचं असेल, सल्लागार नेमायचा असेल तर गुण द्यावेतच, तिथे कमी दराचा हट्ट उलट घातक. पण गटार आणि पाइपला ड्रॉइंग आहे, माप आहे, तिथे दरच बरा.

फार खाली गेलेल्याला मात्र सरळ काम देऊ नये, त्याला लेखी विचारावं की हा दर तुला परवडतो कसा, प्रत्येक मोठ्या आयटमचं विश्लेषण दे, पाइप कितीला घेणार, मशीन कोणाची, मजूर किती. उत्तर पटलं तर द्यावं आणि जास्तीची अनामत घ्यावी, नाही पटलं तर कारण लिहून बाद करावं. बऱ्याच ठिकाणी हे नियमातच आहे.

यात अजून एक बारकावा आहे. प्रत्येक वेळी मुद्दाम कोणी खाली जातो असं नाही. १९७१ साली एका तेलकंपनीतल्या तीन इंजिनियरनी दाखवलं की लिलावात जिंकणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकलाय. तेल काढायच्या जागांच्या लिलावात तो सगळ्यात जास्त बोली लावणारा, आपल्या टेंडरमध्ये सगळ्यात कमी. नवखा ठेकेदार मनापासून चुकतो, काम घेतो, अर्ध्यात सोडून पळतो, आणि शिव्या बसतात पालिकेला. म्हणून माहिती जितकी नीट द्याल तितके हे अंदाज जवळ येतात.

*

शाई_आणि_शिक्का:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी मला ऑफिसात चार महिन्यांत सांगितलं नाही. काका, अंदाजपत्रक बघितलं, तिथे ३८० च आहे, आणि टेंडर आयटम रेटचंच होतं.

दुसरं म्हणजे छोटा ठेकेदार म्हणाले ते केलं. बिलं निघायला लागणारा वेळ काढला, त्या एका ठेकेदाराचा सरासरी ४१ दिवस, बाकी सगळ्यांचा १९७ दिवस. हे बघून मला जास्त वाईट वाटलं, कारण यातली बरीच बिलं आमच्याच टेबलावर पडून होती. कोणी मुद्दाम ठेवलं असं मी म्हणत नाही. तो ठेकेदार येऊन विचारायचा म्हणून त्याची फाईल वर यायची आणि बाकीचे येत नव्हते म्हणून खाली राहायची, एवढंच असू शकतं. पण परिणाम तोच ना?

आणखी एक सापडलं. एका रस्त्याचं डांबरीकरण सहा तुकड्यांत केलंय, प्रत्येक तुकड्याची रक्कम आमच्या कोटेशनच्या मर्यादेच्या ९७-९८ टक्के, म्हणजे जाहिरात द्यायलाच लागली नाही. वरती आकडेमोड म्हणतात काम विभागणं चांगलं, मग हे चांगलं की वाईट, माझा गोंधळ झाला.

*

आकडेमोड:

विभागणी चांगली, पण एकाच खुल्या जाहिरातीत. पूर्ण रस्त्याची किंमत धरून जाहिरात द्यायची आणि त्यात म्हणायचं की हे सहा भाग आहेत, कोणीही एक भरा नाहीतर सगळे भरा. तुमच्याकडे झालंय ते उलटं, जाहिरात टाळायला तुकडे पाडलेत. ओळखायचं कसं? सहाही तुकड्यांच्या तारखा बघा, काम घेणारे बघा. एकाच महिन्यात, एकाच रस्त्यावर आणि एकाच माणसाला असेल तर मग दुसरं काय. मर्यादेच्या जरा खालीच रकमा गोळा होणं ही जगभर लेखापरीक्षक पहिली बघतात ती गोष्ट, कारण खऱ्या कामांच्या रकमा अशा एका रेषेपाशी दाटी करून उभ्या राहत नाहीत.

*

छोटा_ठेकेदार:

ताई तुमचा आकडा वाचून बरं वाटलं आणि राग पण आला. १९७ दिवस! आम्ही येऊन विचारत नाही कारण पाच चकरा मारल्या तर पाच दिवसांचं काम बुडतं.

एक सुचवतो, बिलांची यादी आल्याच्या तारखेने लावून नोटीस बोर्डावर आणि वेबसाइटवर टाका, नाव, रक्कम, कधी आलं, आता कोणाच्या टेबलावर. याला परवानगी लागली तरी पैसा लागत नाही. क्रम मोडून कोणाचं बिल निघालं की सगळ्यांना दिसेल.

*

वाचनमात्र_होतो:

खूप दिवसांनी लॉगिन करून लिहितोय. सगळं ऑनलाइन केलं की हे बंद होतं ना? युक्रेनचं प्रोझोरो म्हणून पोर्टल आहे, १ ऑगस्ट २०१६ पासून तिथे सगळी सरकारी खरेदी त्यावरच बंधनकारक झाली, लिलाव पण तीन फेऱ्यांत लाइव्ह होतो आणि कोणालाही सगळे कागद दिसतात. असं केलं तर ठेकेदारांची रिंग, म्हणजे आपसात ठरवून भरणारी टोळी, तुटणार नाही का?

*

आकडेमोड:

अर्धं होतं. ऑनलाइनने लिफाफा बदलणं, निविदा भरायला आलेल्याला गेटवर अडवणं, उशिरा आलेली घेणं, हे नक्की थांबतं. आणि कागद उघडे असले की ताईंनी केला तो भागाकार बाहेरचा कोणीही करू शकतो, हा फायदा मोठा आहे. पण तिघे घरी बसून ठरवून आले तर पोर्टलला काय कळणार, तीन लॉगिन तीन बोल्या.

आणि एक अवघड गोष्ट सांगतो जी पटकन पचत नाही. प्रत्येकाचा दर लगेच जाहीर केला की रिंगवाल्यांनाही फायदा होतो, आपल्यातला कोण शब्द मोडून खाली गेला ते त्यांना त्याच दिवशी कळतं. तसंच प्री-बिड मीटिंग, सगळ्या इच्छुकांना एका खोलीत बसवायचं म्हणजे कोण कोण भरणार ते आपणच एकमेकांना दाखवायचं. शंका लेखी मागवा, उत्तरं शुद्धिपत्रकात नाव न घालता सगळ्यांना द्या, साइट वेगवेगळ्या वेळी दाखवा.

तरीही उघडेपणाच्या बाजूनेच मी आहे, पण जोर करारानंतरच्या कागदांवर द्या. स्लोव्हाकियात १ जानेवारी २०११ पासून सरकारी संस्थेचा करार इंटरनेटवर टाकल्याशिवाय लागूच होत नाही, नगरपालिकांचाही. मला हे फार आवडतं कारण यात शिक्षा, समिती काही नाही, टाकला नाही तर करारच नाही, म्हणून ठेकेदार स्वतःच मागे लागतो की माझा करार टाका. यात वाढीव कामाची पत्रं, मुदतवाढ, एक्स्ट्रा आयटम हे पण आले पाहिजेत. नाहीतर करार स्वच्छ आणि वाढ अंधारात.

*

नगरसेवक_माजी:

वाढीव कामाचा मुद्दा अगदी बरोबर आहे, सभेत मूळ टेंडरवर दोन-दोन तास भांडण व्हायचं, आणि वाढीव कामाचा विषय ऐनवेळी, शेवटी, सगळे उठायच्या वेळी यायचा आणि मंजूर. मी पण हात वर केलाय. आत्ता वाटतं वाचायला हवं होतं.

काका, गुणांबद्दल तुमचं म्हणणं पटलं, एकाच लग्नाला जातात हे खरंच आहे. पण मग आमच्यासारख्या ठिकाणी मोजणारा पण तोच नात्यातला, त्याचं काय?

*

निवृत्त_अभियंता:

त्याचंच काय हाच खरा प्रश्न. लहान पालिकेत एकच इंजिनियर अंदाजपत्रक करतो, तोच तांत्रिक लिफाफा तपासतो, तोच देखरेख करतो, तोच मोजमाप लिहितो. तो देवमाणूस असला तरी हे चूक आहे, कारण त्याची चूक पकडायला दुसरे डोळेच नाहीत, आणि उद्या आरोप झाला तर त्याच्या बाजूने बोलायलाही कोणी नाही. माणसं वाढवायला पैसे नाहीत हे मला माहीत आहे. पण शेजारच्या पालिकेचाही एकच इंजिनियर असतो ना? दोघांची अदलाबदल करा, त्यांचं मोजमाप आपल्याने तपासायचं, आपलं त्यांच्याने, महिन्यातले दोन दिवस. आम्ही हे एक वर्ष करून बघितलं होतं. पहिल्याच महिन्यात दोन्हीकडचे ठेकेदार नाराज झाले, त्यावरून समजा.

मोजमापाचं बोलायचं तर पाइपलाइनमध्ये सगळं मातीखाली जातं, म्हणून पैसे पण मातीखालीच जातात. चर किती खोल, पाइपखाली वाळूचा थर आहे का आणि किती, पाइप कुठल्या दर्जाचा, हे बुजवायच्या आधीच बघायला मिळतं, एकदा बुजवलं की संपलं. मी एकदा बुजवलेल्या लाइनवर तीन ठिकाणी परत खणायला लावलं, बिलात वाळू १५ सेंटिमीटर होती, दोन ठिकाणी पाइप थेट दगडावर बसलेला, वाळूचा कण नाही. असा पाइप वरून गाडी जाऊन जाऊन दोन-तीन वर्षांत फुटतो, मग दुरुस्तीचं तातडीचं काम निघतं, आणि तातडी म्हणून तेही विनानिविदा त्याच माणसाला! त्यासाठी दुरुस्तीचे दर वर्षाच्या सुरुवातीलाच खुल्या निविदेने ठरवून ठेवा, म्हणजे लाइन फुटलेल्या रात्री कोणी कोणाला फोन करून भाव ठरवत बसणार नाही.

ताई, तुमच्यासाठी शेवटचं. जे सापडलंय ते तोंडी कुणाला सांगत फिरू नका, आणि त्या ठेकेदाराला तर अजिबात विचारू नका. ओईसीडीवाले पण हेच सांगतात, कारण कळलं की कागद नाहीसे होतात. साध्या भाषेत टिप्पणी लिहा, निष्कर्ष काढू नका, फक्त अमुक फाईल, अमुक पान, अमुक आयटम, तिन्ही दर, भागाकार इतका, पुढील आदेशासाठी सादर. आवक-जावक नंबर घ्या, तारीख घाला, पोच आपल्याकडे ठेवा. निष्कर्ष वरचे काढतील, नाही काढला तर तेही कागदावर राहील. संगनमत तपासणारी यंत्रणा वेगळी असते, ते पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने गेलेलं बरं, एकटीने जाऊ नका.

*

शाई_आणि_शिक्का:

काका, टिप्पणी दिली. १४ फाईली तपासल्या, त्यातल्या ५ मध्ये गुणोत्तर ठरावीक निघालं, दोन ठिकाणी हरलेलाच नंतर पोटठेकेदार आहे. साहेब वाचून अर्धा तास काही बोलले नाहीत, मग म्हणाले तक्ता परत एकदा नीट करून आण, मी पुढे पाठवतो. पाठवतील का माहीत नाही. पोच माझ्याकडे आहे.

पुढच्या टेंडरला मुदत ७ ची २१ दिवस करून घेतली, उलाढाल दुपटीवर आणली, आणि "पालिकेसाठीच केलेलं काम" हे शब्द काढून "पाणीपुरवठ्याची जलवाहिनी" एवढंच ठेवलं. इंजिनियर साहेब आधी नाही म्हणत होते, मग म्हणाले चाचणी खड्डे पण घेऊ, मलाही खडकाचा त्रासच होतो दरवेळी. बिलांची यादी लावायला अजून परवानगी नाही, परत मागणार.

आणि गुरुवारी चालू कामाच्या चरावर मी आणि लेखापाल मॅडम दोघी जातोय, बुजवायच्या आधी. आम्हाला दोघींनाही मोजायची सवय नाही. काय काय न्यायचं ते सांगा.

*

निवृत्त_अभियंता:

स्टीलचा टेप न्या, कापडी नको, तो ताणला जातो. एक लांब सरळ पट्टी, चरावर आडवी ठेवून तिच्यापासून खाली खोली मोजायची, नाहीतर चराच्या काठावर टाकलेल्या मातीच्या ढिगापासून मोजतात आणि २०-३० सेंटिमीटर फुकट वाढतात. माप पाइपच्या तळापर्यंत वेगळं आणि वाळूच्या तळापर्यंत वेगळं लिहा, त्या दोघांतला फरक म्हणजे वाळूचा थर. जागा तुम्ही निवडा, ठेकेदाराचा माणूस इथे घ्या म्हणाला तर तिथेही घ्या आणि तिथून दहा पावलं पुढेही घ्या. फोटोत टेप, पाइप आणि मागची एखादी न हलणारी खूण, घराचं फाटक किंवा खांब, तिन्ही आलं पाहिजे. आकडे तिथेच पेनने लिहा, पेन्सिल नको, आणि ठेकेदाराच्या माणसाची सही त्याच पानावर घ्या.

*

छोटा_ठेकेदार:

ताई आणि बूट घाला, चपला नको, चराच्या काठाची माती सैल असते. काठापासून लांब उभ्या राहा, आत उतरायचं काम मजुराला सांगा, तेही बाजूला आधार लावलेला असेल तरच. २१ दिवसांचं टेंडर निघालं की इथे नुसतं निघालंय एवढं सांगा, बाकी काही नको, मी रीतसर जाहिरात बघूनच भरेन.